खाडाखोड

बँकेत नोकरीला लागलो त्या दिवशी आमच्या हेडकॅशियरने मला बाजूला घेऊन एक मंत्र दिला. "हे बघ, इथे चुकलास तरी चालेल, पण खाडाखोड करू नकोस." त्यानंतरची वीसएक वर्षं मी तो मंत्र इमानेइतबारे पाळत आलो आहे. आमच्या धंद्यात खाडाखोडीसारखं दुसरं पाप नाही. चेक लिहिताना एखाद्या बिचाऱ्याचा हात हलला, 'पाच हजार'चे 'पाय हजार' झाले आणि त्याने ते गिरवून पुन्हा 'पाच' केले, की मी तो चेक काचेखालून परत सरकवतो. "दुसरा लिहून आणा." माणूस कळवळून म्हणतो, "अहो, आत्ता तुमच्यासमोर लिहिला!" पण नियम म्हणजे नियम. पूर्वी खाडाखोडीशेजारी पूर्ण सही ठोकली की भागायचं. आता चेकचा फोटो काढून तोच पुढे धाडतात, तेव्हा तारीख सोडली तर कशालाच माफी नाही.

असा हा मी, बी.कॉम., सेकंड क्लास, गेली चार वर्षं दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बोरिवलीहून गाडी पकडून अंधेरीला जातो, सात-आठ माणसांसमोर बसतो, आणि स्वतःच्या कागदांवर भरपूर खाडाखोड करून घेतो. वर चहाचे पैसेही देतो.

कागद म्हणजे हस्तलिखित. लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकाचं. हे ऐकून तुम्ही हसलात तर मी रागावणार नाही. आमचे मॅनेजरही हसले होते. हल्ली आमच्या हुद्द्याला भारदस्त इंग्रजी नाव दिलंय, पण काम कारकुनाचंच. कारकुनाने लिहायचंच झालं तर विनोदी लिहावं, युनियनच्या अंकात द्यावं आणि मोकळं व्हावं. पण झालं असं, की माझ्या आईला सकाळची पहिली पोळी कावळ्याला घालायची सवय होती. पहिली पोळी तव्यावरून उतरली, की तिचा तुकडा खिडकीच्या ग्रिलवर. आमचं घर चौथ्या मजल्यावर. कावळा आधीच हजर असायचा. आई डोक्यावरचा पदर सारखा करून त्याला म्हणायची, "या!" कावळ्याला अहोजाहो करण्याचं कारण असं, की तो आपले मामंजीच असणार याबद्दल तिची खात्री होती. म्हणायची, "बघ, बसायच्या आधी तीन बाजूंना पाहतोय. आणि गार पोळीला चोच लावत नाही. अगदी तेच!" आजोबांना मी पाहिलेलं आहे. आईचं निरीक्षण चूक नव्हतं.

आई गेली तेव्हा माझी मुलगी चार वर्षांची होती. तिने काहीच विचारलं नाही. चौदाव्या दिवशी सकाळी बायकोने पहिली पोळी उतरवली आणि पोरगी न सांगता हात पुढे करून उभी राहिली. मी त्या दिवशी रजेवर होतो. घरात पैसे भरायच्या स्लिपांचं एक जुनं, रद्द झालेलं बंडल पडलं होतं. त्यांच्या पाठीवर मी ते सगळं लिहून काढलं. 'आजीचा कावळा', शब्द अठराशे. मोजून. मोजायची सवय जात नाही.

कुणीतरी सांगितलं, अंधेरीला काही माणसं जमतात, मुलांसाठी लिहिलेलं एकमेकांना वाचून दाखवतात आणि सुधारतात. गेलो. एका सोसायटीचं ऑफिस, मागच्या बाजूला गणपतीची मखरं रचलेली. या मंडळाला नाव नाही. नावाच्या मसुद्यावर तीन बैठका झाल्या, प्रत्येकाने थोडी थोडी सुधारणा सुचवली, आणि शेवटी काहीच उरलं नाही. पार्ल्याच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई येतात. घाटकोपरहून मेट्रोने पोस्टातले काका येतात. मुलुंडहून एक विमा एजंट दोन गाड्या बदलून येतात. आणि गोरेगावची एक चित्रकार मुलगी येते, जी सगळ्यांत उशिरा येऊन सगळ्यांत कमी बोलते. बाकीचे येतात-जातात.

मी अठराशे शब्द वाचले. शेवटी माझा आवाज जरा चिरकला. क्षणभर शांतता झाली. मला वाटलं, जिंकलं!

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढला. "छान आहे," त्या म्हणाल्या. बाईंनी 'छान आहे' म्हटलं, की पुढे काहीतरी वाईट येणार हे त्यांच्या शाळेतल्या पाच पिढ्यांना ठाऊक आहे. "छान आहे. पण कावळ्याच्या रूपात मामंजी? ही अंधश्रद्धा आपण मुलांना शिकवायची? ते 'या'बिया काढून टाका." पोस्टातल्या काकांनी विचारलं, "तात्पर्य कुठाय? तात्पर्याशिवाय गोष्ट म्हणजे पिनकोडशिवाय पत्र." दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, मुलांच्या गोष्टीत मरण नको, आजीला गावाला पाठवा. त्यावर विमा एजंट उसळून म्हणाले, मरण हवंच! मरण हे वास्तव आहे, त्याची तयारी वेळीच केली पाहिजे. असं म्हणून त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की घरी जाऊन मी पहिल्यांदा हप्ता भरल्याची पावती शोधली.

चित्रकार मुलगी सगळ्यांत शेवटी बोलली. "काका, हे 'काळाभोर, मान तिरकी करून एका डोळ्याने पाहणारा कावळा' असं लिहिलंय ना, ते मी काढते." मी खूश झालो. मला वाटलं, ती कावळा काढणार. तिने वाक्य काढलं. पेन्सिलीने, एका रेघेत. म्हणाली, "चित्रात दिसेल तो. मग लिहायचं कशाला?"

'काढणे' या क्रियापदाला मराठीत असे दोन अर्थ आहेत, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. चित्रांच्या पुस्तकाचा सगळा व्यवहार या दोन अर्थांच्या मध्ये चालतो.

मी बँकेतला माणूस. कुठलीही रक्कम अशी हवेत सोडत नाही. ज्या नोंदीचा मेळ लागत नाही ती आम्ही 'सस्पेन्स अकाउंट'ला टाकून ठेवतो. तसं मी एक दोनशेपानी वही घातली, वर 'सस्पेन्स' लिहिलं, आणि मंडळाने काढलेली वाक्यं तारीखवार त्यात उतरवायला लागलो. 'या' आणि मामंजी पहिल्याच पानावर गेले.

असं वर्षभर चालल्यावर एकदा पोस्टातले काका वैतागले. त्या दिवशी त्यांच्या हत्तीच्या गोष्टीतला हत्तीच मंडळाने काढून टाकला होता. ते म्हणाले, "पूर्वी हे असलं काही नव्हतं! लेखक लिहायचे, मुलं वाचायची. मंडळं बसवून कुणी मुलांसाठी लिहिलंय का?" सगळे गप्प बसले. मला मात्र हे विधान तपासल्याशिवाय पास करवेना. माझा इतिहासाचा अभ्यास दहावीपर्यंत, तोही सनावळीपुरता. पण व्हाउचर पाहिल्याशिवाय रक्कम द्यायची नाही हा संस्कार पक्का. तेव्हा मी ग्रंथालयाच्या चकरा सुरू केल्या, आणि काय सांगू, पहिल्याच चकरेत काकांचा चेक बाउन्स झाला.

मुंबईतलं मराठी बालवाङ्मय मंडळ बसवूनच सुरू झालेलं आहे! त्याच्याही आधी, १८०६ साली तंजावरच्या सरफोजी राजांनी इसापच्या गोष्टी मराठीत करवून 'बालबोधमुक्तावली' नावाने छापवल्या होत्या. पण तो राजाचा कारभार. राजाने केलेल्या पुस्तकाला सुधारणा कोण सुचवणार? मुंबईत तसं नव्हतं. १८२२ साली, एल्फिन्स्टनसाहेब गव्हर्नर असताना, इथे शाळांसाठी पुस्तकं करणारी एक सोसायटी निघाली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस नावाचे इंजिनिअर तिचे चिटणीस, आणि एतद्देशीयांतर्फे चिटणीस सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे. पदरी शास्त्रीमंडळी. एकाने भाषांतर करायचं, दुसऱ्याने तपासायचं, साहेबाने पाहायचं. आमच्याकडे यालाच 'मेकर-चेकर' म्हणतात. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने पास करायची. एकाच माणसाने दोन्ही केलं तर ऑडिटर येतो.

बापू छत्र्यांबद्दल मला पहिल्यापासून आपलेपणा वाटला. ते कुणी राजे-महाराजे नव्हते, साहेबाच्या कचेरीत काम करणारे गृहस्थ. इंग्रजी शिकले आणि १८२८ साली त्यांनी 'बाळमित्र' आणि 'इसपनीतिकथा' अशी दोन पुस्तकं मराठी मुलांच्या हाती दिली. 'बाळमित्र' मूळचा फ्रेंच. बर्क्विन नावाच्या गृहस्थांनी १७८२ च्या सुमारास पॅरिसमध्ये मुलांसाठी लिहिलेला, तिथून इंग्रजीत गेलेला आणि इंग्रजीतून मराठीत उतरलेला. म्हणजे आपल्या मुलांना पहिला मित्र मिळाला तोसुद्धा दोन गाड्या बदलून आला, आमच्या मुलुंडच्या एजंटांसारखा. आणि पोस्टातले काका ज्या तात्पर्यासाठी जीव टाकतात, ते त्या इसापाबरोबर आपल्याकडे असं घट्ट बसलं, की दोनशे वर्षं झाली तरी हटायला तयार नाही.

पण खाडाखोडीचे खरे महर्षी पुढे आले. मेजर थॉमस कँडी. १८०४ चा जन्म. अठराव्या वर्षी फौजेत म्हणून हिंदुस्थानात आले आणि तलवारीऐवजी लेखणी धरून बसले. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली छापून निघाला, त्यात कँडी आणि त्यांचे भाऊ जॉर्ज यांचा हात होता. त्या कोशाच्या कामातही शास्त्रीमंडळींची बैठक होतीच. पुढे कँडी पुण्याच्या संस्कृत पाठशाळेवर गेले, मग सरकारचे मराठी भाषांतरकार आणि पुस्तकांचे तपासनीस झाले. शाळाखात्याचं मराठी पुस्तक छापायचं म्हणजे ते मेजरसाहेबांच्या नजरेखालून गेलं पाहिजे. कल्पना करा! घरात चार पिढ्या मराठी बोलत आलेले, काव्यशास्त्रात मुरलेले पंडित आपलं हस्तलिखित घेऊन बसले आहेत, आणि इंग्लंडात जन्मलेला एक मेजर त्यांच्या मराठीवर खुणा करतो आहे. आमच्या शाखेत दिल्लीहून इन्स्पेक्शनला माणूस येतो तेव्हा आमची जी अवस्था होते, तीच त्या शास्त्रीबुवांची होत असणार. चूक काढली तर राग, आणि काढलेली चूक बरोबर निघाली तर दुप्पट राग!

कँडीसाहेबांच्या हाताखालून गेलेल्या मराठीला इंग्रजी वळण लागलं, ती गुळगुळीत नि निर्जीव झाली, अशी टीका पुढे पुष्कळ झाली. मला तीत तथ्य वाटतं. मंडळाच्या हाताखालून चार वेळा गेलेलं माझं हस्तलिखितही गुळगुळीत झालं होतं. कुणालाही खुपत नव्हतं, म्हणजेच कुणालाही लागत नव्हतं. पण कँडीसाहेबांचा एक उपकार मात्र कबूल केला पाहिजे. १८५० साली त्यांनी 'विरामचिन्हांची परिभाषा' नावाचं छोटं पुस्तक काढलं. तोवर आपल्या गद्यात विरामचिन्हांची पद्धत नव्हती. मोडीत तर कारकून आधी ओळभर रेघ ओढून घ्यायचा आणि खाली अक्षरं लटकवत जायचा. वाक्य कुठे संपलं हे वाचणाऱ्याने आपल्या दमावरून ठरवायचं. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह ही मंडळी आपल्या घरात मुक्कामाला आली ती या मेजरमुळे. आमच्या मंडळाचा निम्मा वेळ या पाहुण्यांची व्यवस्था लावण्यात जातो, हे कँडीसाहेबांना ठाऊक असतं तर ते फौजेतच राहिले असते.

हे सगळं मी पुढच्या शनिवारी मंडळात सांगितलं. पण पोस्टातला माणूस हार मानत नाही. काका म्हणाले, "ते सरकारी काम झालं. मी खऱ्या लेखकांबद्दल बोलतोय. वि. कों. ओक!" आणि इथे मला मान तुकवावी लागली. विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ साली 'बालबोध' मासिक काढलं आणि जवळजवळ साऱ्या मजकुराचा भार ३०-३५ वर्षं एकट्याने वाहिला. ४०२ चरित्रं, ४०२ कविता, ४०२ निबंध. आकडे पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साहित्यात टोटल इतकी जुळलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. कुठलं मंडळ नि कुठलं काय! आणि काकांचा दुसरा साक्षीदार तर साने गुरुजी. 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहून झाली. तुरुंगात सुधारणा सुचवायला कोण होतं?

माझा आपला एक अंदाज आहे. गुरुजी त्याआधी अमळनेरला शाळामास्तर होते आणि विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहत होते. ज्याने वर्षानुवर्षं मुलांना समोर बसवून गोष्टी सांगितल्या, त्याला कुठल्या वाक्याला पोरं चुळबुळतात नि कुठल्या वाक्याला डोळे पुसतात हे लिहायच्या आधीच माहीत असणार. त्यांचं मंडळ बसून गेलेलं होतं. फक्त त्या मंडळाचे सभासद हाफपँटीतले होते.

आणि इथेच मला आमच्या मंडळातली खोट सापडली. आमच्यातल्या सगळ्यात लहान सभासदाचं वय २६!

मुलांनाच परीक्षक नेमायची गोष्ट आपल्याकडे रुजवली ती ताराबाई मोडकांनी. मुंबईतल्या शिकलेल्या ताराबाई १९२३ साली गुजरातेत भावनगरला गेल्या. तिथे गिजुभाई बधेका बालमंदिर चालवत होते. वकिली सोडून मुलांत रमलेल्या या माणसाला लोक 'मिशाळ आई' म्हणत. गोष्ट कशी सांगावी याचं गिजुभाईंनी शास्त्रच लिहिलं. ते शास्त्र घेऊन ताराबाई मुंबईला परतल्या, १९३६ साली दादरला त्यांनी शिशुविहार काढलं, आणि १९४५ मध्ये बोर्डीला जाऊन अनुताई वाघांबरोबर खेड्यातल्या मुलांची बालवाडी उभी केली. पुढे ती कोसबाडच्या टेकडीवर गेली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जायचं, असा ताराबाईंचा खाक्या. आमची बँकसुद्धा 'आपल्या दारी' म्हणून जाहिरात करते. पण आम्ही दारी जातो ते बहुतेक हप्ता थकल्यावर!

साधारण त्याच काळात तिकडे न्यूयॉर्कला काय चाललं होतं हे वाचलं, आणि मी ग्रंथालयात जोरात 'अरे वा!' म्हणालो. समोरचे पेपर वाचणारे आजोबा दचकले. तिथे ल्यूसी मिचेल नावाच्या बाई होत्या. मुलांना पऱ्या-राजपुत्रांइतकंच रस्ता, गाडी, पाव, दूध याचंही कुतूहल असतं, असं मानून त्यांनी १९२१ साली गोष्टींचं एक पुस्तक काढलं. गोष्टी लिहिण्याआधी मुलं बोलतात कशी ते ऐकत बसायच्या. १९३० चं दशक संपता संपता त्यांनी मुलांसाठी लिहिणाऱ्यांची एक प्रयोगशाळाच सुरू केली. लेखकांनी जमायचं, वाचायचं, फाडायचं, पुन्हा लिहायचं, आणि खालच्या मजल्यावरच्या शाळेतल्या मुलांवर लावून पाहायचं. मार्गारेट वाइज ब्राउन तिथल्याच. त्यांचं १९४७ सालचं 'गुडनाइट मून' अजून अमेरिकेतल्या पोरांना झोपवतं. शब्द दीडशेहूनही कमी! मी माझ्या अठराशेकडे पाहिलं आणि लाजलो.

पण 'अरे वा' मी म्हणालो ते वेगळ्याच गोष्टीला. या संस्थेची इमारत होती बँक स्ट्रीटवर. ६९, बँक स्ट्रीट. आणि त्या रस्त्याला हे नाव का पडलं? तर १७९८ साली तिथल्या बँक ऑफ न्यूयॉर्कच्या मुख्य कचेरीतला एक कारकून पिवळ्या तापाने आजारी पडला. कचेरीला टाळं लागेल या भीतीने बँकेने गावाबाहेर एका बिननावाच्या गल्लीत जागा घेऊन ठेवली. गल्लीचं नाव झालं बँक स्ट्रीट. म्हणजे पाहा, मुलांच्या पुस्तकांवर खाडाखोड करणाऱ्या त्या नामांकित मंडळाचा पत्ता शोधत मागे मागे गेलं, तर मुळाशी कोण सापडतो? बँकेतला कारकून, सिक लीव्हवर! त्याचं नावसुद्धा माझ्या वाचनात आलं नाही. कारकुनांचं येत नाही.

हे मी आमच्या मॅनेजरांना आवर्जून सांगितलं. ते म्हणाले, "त्याने मेडिकल सर्टिफिकेट दिलं होतं का?"

आता आपल्या लहानपणाकडे या. बालभारतीची स्थापना १९६७ ची, तिचं 'किशोर' मासिक १९७१ चं. माझ्या पिढीचं दप्तर बालभारतीनेच भरलं. त्या पुस्तकांत सुरुवातीला एक पान असायचं, जे आपण कुणीच वाचलेलं नाही. समिती, अभ्यासगट, सभासद, निमंत्रक, चित्रकार, निर्मिती, कागद, मुद्रणादेश... मी ते पान आता मुलीच्या पुस्तकात पहिल्यांदा लक्ष देऊन वाचलं. केवढी नावं! एका छोट्या कवितेमागे एवढी माणसं बसली होती, चहा प्यायली होती, भांडली होती. आणि आपण त्या कवितेतल्या सशाला पेनने मिशा काढल्या.

चित्रांचं पुस्तक मात्र समितीच्या मानाने फार नाजूक जिन्नस. बहुधा ३२ पानांचं असतं. त्याचं कारण साहित्यिक नसून छापखान्याचं, कागदाच्या घडीचं. तेवढ्यात बसवा, नाहीतर सोळा पानांचं पुढचं कर्ज काढा. मॉरिस सेंडॅक नावाचे मोठे अमेरिकन चित्रकार-लेखक. त्यांनी १९५५ मध्ये रानटी घोड्यांच्या गोष्टीचा कच्चा आराखडा केला. मग लक्षात आलं, की आपल्याला घोडे काढता येत नाहीत! तेव्हा घोडे काढून टाकले (दोन्ही अर्थांनी पाहा) आणि त्यांच्या जागी मोठमोठ्या डोळ्यांची अक्राळविक्राळ जनावरं आणली. १९६३ साली ते पुस्तक आलं आणि जगभर गाजलं. बिअ‍ॅट्रिक्स पॉटरबाईंनी तर १८९३ साली एका आजारी मुलाला पत्रात सशाची गोष्ट लिहून पाठवली होती. पुढे तिचं पुस्तक करायचं ठरल्यावर तेच पत्र त्याच्याकडून परत मागून घेतलं, कारण प्रत ठेवलेली नव्हती. मुलाने ते जपून ठेवलं होतं. आमच्याकडे लोकांना कालची पासबुकं सापडत नाहीत.

आपल्याकडे माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं पाहावीत. लिहितातही त्याच, चित्रंही त्याच काढतात. मेकर आणि चेकर एकाच देहात. ऑडिटरने हरकत घ्यावी अशी परिस्थिती. पण त्यांच्या पुस्तकांत शब्द जिथे थांबतो तिथून चित्र बोलायला लागतं, आणि मधला सांधा कुठे दिसत नाही. साहित्य अकादमीने २०१४ साली त्यांना बालसाहित्याचा पुरस्कार दिला. मी त्यांची 'यश'ची पुस्तकं आणून मुलीला वाचून दाखवली, आणि मुलगी झोपल्यावर माझं हस्तलिखित काढून आणखी तीनशे शब्द सस्पेन्सला टाकले.

होता होता चार वर्षं गेली. आजीला गावाला पाठवून झालं; परत आणून झालं. तात्पर्य घातलं, ते चित्रकार मुलीने पेन्सिलीने काढलं. मुख्याध्यापिकाबाईंना पटलं, की मरण असू दे, फक्त त्याचा उच्चार नको. आजीची खुर्ची रिकामी दिसली की पुरे. ही सूचना मात्र सोन्यासारखी होती. मला ती चार जन्मांत सुचली नसती. माझ्या अठराशे शब्दांपैकी २१४ उरले. सस्पेन्सची दुसरी वही लागली. पण एक अडचण झाली. ज्या मुलीसाठी लिहिलं ती आता साडेआठ वर्षांची झाली होती, आणि चित्रांची पुस्तकं 'लहान मुलांची असतात' असं म्हणू लागली होती.

तेव्हा ताराबाईंचं स्मरण करून मी तिसऱ्या मजल्यावरच्या चार वर्षांच्या पोराला बोलावलं. त्याला बिस्किट देऊन सोफ्यावर बसवलं. (परीक्षकाला लाच द्यायची नसते, पण हा नुसत्या बसण्याचा भत्ता होता.) मुलगी पलीकडे टेबलावर गुणाकार करत होती. चित्रकार मुलीने पेन्सिलीने केलेले आराखडे त्याच्यापुढे धरून मी वाचायला लागलो. तवा, पोळी, खिडकी, कावळा. पोरगा बिस्किट चघळत पाहत होता. आजीने तुकडा ग्रिलवर ठेवला. कावळ्याने उचलला. मी पान उलटलं.

"बाबा," गुणाकारातून मान वर न करता मुलगी म्हणाली, "आजी अशी गुपचूप नाही द्यायची काही. ती 'या' म्हणायची."

मी थांबलो. एवढं तिला आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं. तिच्या आजीचा चेहरा तिला आता फोटोवरूनच आठवतो, असं तीच मागे एकदा म्हणाली होती.

"'या' म्हणायची?" पोराने विचारलं. "कावळ्याला?"

"हो. आमचे पणजोबा होते ते."

पोराने यावर क्षणभर विचार केला, सोफ्यावरून उतरला, खिडकीशी गेला, आणि उरलेलं अर्धं बिस्किट ग्रिलवर ठेवून बाहेर बघत मोठ्यांदा म्हणाला, "या!"

कावळा आला नाही. संध्याकाळचे सात वाजले होते. पण मी उठून कपाटातून सस्पेन्सची पहिली वही काढली, पहिल्या पानावर गेलो, आणि चार वर्षं अडकून पडलेली ती नोंद उलटवली. एकदा आजीच्या तोंडी, आणि एकदा शेवटच्या पानावर: रिकामी खुर्ची, खिडकीत उभी मुलगी, पुढे केलेला हात, आणि खाली एकच शब्द. मामंजींना मात्र वहीतच ठेवलं. त्यांना गर्दी आवडायची नाही.

पुढच्या दुसऱ्या शनिवारी मी अंधेरीला ते २१६ शब्द वाचले. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढला. मी मनाची तयारी केली. पण त्या 'छान आहे' म्हणाल्याच नाहीत. नुसता चष्मा पुसत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "असू दे ते." विमा एजंट खिडकीबाहेर बघत होते. चित्रकार मुलीने पेन्सिल कानावर खोवून ठेवली.

पोस्टातल्या काकांनी चक्क तात्पर्य विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की शेवटच्या 'या'पुढे पूर्णविराम द्यायचा की उद्गारचिन्ह. बाई म्हणाल्या, पूर्णविराम. एजंट म्हणाले, पूर्णविराम कसा, कावळा अजून यायचाय! चित्रकार मुलगी म्हणाली, काहीच देऊ नका. आणि मग आमचा उरलेला शनिवार त्यातच गेला.